बोअर आणि चोकचं माप जुळत नाही: दोष गेजचा कधी, आपला कधी

शॉटगनची (छर्ऱ्यांच्या बंदुकीची) एकच नळी, एकच गेज, मापणाराही एकच. सकाळी चोक, म्हणजे नळीच्या तोंडाजवळचा आवळपणा, २१ थाऊ (हजारांश इंच) भरतो आणि दुपारी १७. किंवा मग माप अगदी ठाम येतं, दहा वेळा घेतलं तरी तेच. पण नळीवर कोरलंय 'हाफ' आणि गेज म्हणतंय 'फुल'. शॉटगनच्या नळ्या मोजणाऱ्यांना या दोन्ही तक्रारी पाठ असतात. इलाज मात्र सगळे एकच करतात: हातातलं गेज विकायचं आणि त्याहून महागडं आणायचं. महिन्याभराने पुन्हा तीच रड.

माझी उमेदीची वर्षं टूलरूमच्या (कारखान्यातला अचूक हत्यारांचा विभाग) इन्स्पेक्शन टेबलावर गेली, क्ले शूटिंगचा (उडत्या चकत्यांवर नेमबाजी) नाद नंतर लागला. त्यामुळे ओळखीतले लोक नळ्या आणि गेजं दोन्ही घेऊन येतात. आजवर समोर आलेल्या गेजांपैकी खरोखर भंगार अशी थोडीच निघाली. बहुतेक वेळा गेज एक गोष्ट मोजत असतं आणि मालक वेगळीच मोजली असं समजत असतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'बारा गेज'मधलं गेज म्हणजे मोजायचं साधन नव्हे. एक पाउंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एकेका गोळ्याचा व्यास भरतो ०.७२९ इंच, म्हणजे १८.५ मिमी, तोच बारा नंबरच्या नळीचा नाममात्र व्यास. वीसचा ०.६१५, अठ्ठावीसचा ०.५५०. फक्त .४१० या हिशेबात बसत नाही, तिथे आकडाच थेट इंचात आहे. आपल्याकडे सरसकट 'बारा बोअर' म्हणतात, मीही तेच म्हणेन. 'गेज' म्हणजे इथे फक्त उपकरण, आणि 'थाऊ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी.

आणखी एक, आणि यात सूट नाही. मोजायच्या आधी नळी बंदुकीपासून सोडवा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची खात्री डोळ्याने आणि बोटाने करा, आणि आत बघायचं ते चेंबरच्या बाजूने. जोडलेल्या बंदुकीच्या तोंडात गेज घालायचं नाही.

गेज ठाम आहे, पण नळीशी पटत नाही

मागे एकाने दुनळी आणली. उजव्या नळीवर हाफ चोकची खूण, त्याच्याकडे पितळी पट्टीचं चोक गेज. निमुळती पट्टी, तिच्यावर रेघा आणि रेघांपुढे नावं: सिलिंडर (चोक नाही), इम्प्रूव्ह्ड (पाव), मॉडिफाइड (हाफ), फुल. ती नळीच्या तोंडात सोडली की जिथे अडकेल तिथलं नाव वाचायचं. पट्टी 'फुल'च्या रेघेवर अडकत होती, पुन्हा पुन्हा तिथेच. गृहस्थ चोक १५ थाऊने मोकळा करून घ्यायला निघाले होते, म्हणजे खुणेप्रमाणे हाफ होईल.

मी डायल बोअर गेज लावलं, म्हणजे लांब दांडीचं, आतला व्यास काट्यावर दाखवणारं गेज. तोंडाजवळ सर्वांत अरुंद जागी ०.६९४ इंच. पट्टीने बरोबरच सांगितलं होतं, कारण ०.७२९ उणे ०.६९४ म्हणजे ३५ थाऊ, फुल चोक. मग गेज आत सरकवलं, चोक संपून सरळ नळी सुरू होते तिथे. भरलं ०.७१७. नळीच्या खालच्या सपाट भागावर १८.२ असा शिक्का होताच, पण तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. १८.२ मिमी म्हणजे ०.७१७ इंचच. खरा चोक ०.७१७ उणे ०.६९४, म्हणजे २३ थाऊ. हाफच्या जरा पुढे, खुणेला धरून. त्यांनी १५ थाऊ काढले असते तर ८ उरले असते, पाव चोकसुद्धा नाही. आणि कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

चोक म्हणजे वजाबाकी. मागच्या सरळ नळीचा व्यास उणे पुढच्या आवळलेल्या जागेचा व्यास. पट्टीला यातला एकच आकडा कळतो. दुसरा तिने ०.७२९ असा धरून ठेवलेला असतो. कारखान्यातून येणाऱ्या बारा बोअरच्या नळ्या मात्र ०.७१७ पासून ०.७४२ पर्यंत काहीही असतात. हल्ली बॅकबोअर केलेल्या, म्हणजे मुद्दाम रुंद ठेवलेल्या नळ्या बऱ्याच दिसतात. ०.७४२ च्या नळीत १० थाऊची इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ट्यूब (तोंडात बसवायची सुटी चोकनळी) लावली तर तोंडाचा व्यास ०.७३२ होतो. पट्टीच्या हिशेबाने हा सिलिंडरपेक्षाही मोकळा, म्हणजे चोकच नाही. मालक ट्यूब बनवणाऱ्याला शिव्या देतो.

बारा बोअरसाठी ढोबळ आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: पाव चोक १० थाऊ, हाफ २०, पाऊण ३०, फुल ४०. मिमीत तेच ०.२५, ०.५, ०.७५ आणि १. काही कारखाने फुल ३५ लाच मानतात, त्यामुळे नावावर भांडण्यात अर्थ नाही, आकडा बोला. इटालियन पद्धतीच्या नळ्यांवर तारे किंवा ट्यूबच्या कडेला खाचा असतात, आणि तिथे क्रम उलटा: एक खूण म्हणजे फुल, जास्त खुणा म्हणजे मोकळा. वीस आणि अठ्ठावीस बोअरमध्ये तोच परिणाम कमी थाऊत मिळतो, त्यामुळे बाराच्या नावांची पट्टी तिथे वापरू नये.

पट्टीला न दिसणारा आणखी एक प्रकार आहे. काही जुन्या किंवा आखूड केलेल्या नळ्यांत तोंडाच्या जरा मागे नळी आतून काही थाऊने रुंद केलेली असते. तोंड मूळ व्यासाचंच राहतं, पण रुंद जागेच्या तुलनेत ते आवळलेलं ठरतं. पट्टी म्हणते सिलिंडर आणि कागदावर छर्रे हाफसारखे पडतात. इथे तोंडापासून मागे दर अर्ध्या इंचाला माप घेत जाणारं गेजच लागतं. माझी सवय अशी की कुठलीही अनोळखी नळी असली तरी पुढचे सहा इंच असेच मोजायचे आणि आकडे वहीत एकाखाली एक लिहायचे. निमुळता भाग कुठे सुरू होतो, शेवटी सरळ पट्टा आहे की नाही, तोंडाशी पुन्हा किंचित फाकलंय का, हे सगळं त्या आकड्यांतच दिसतं.

सरळ नळीचा व्यास कुठे घ्यायचा यावरही वाद होतात. ब्रिटिश प्रूफ हाउस (बंदुका तपासून शिक्का मारणारी संस्था) नळीच्या मागच्या टोकापासून ९ इंचांवर मोजतं, शिक्क्यातला आकडा तिथला असतो. नळी मागून पुढे किंचित निमुळती असू शकते, म्हणून चोक काढताना मी चोकच्या लगेच मागचा व्यास धरतो. ट्यूब लांब असेल तर ट्यूब संपल्यानंतरचा.

तोंडाच्या कडेला बर असेल, म्हणजे आत वळलेली बारीक धार, तर पट्टी आणि प्लग गेज (ठरावीक व्यासाचा दंडगोल) दोन्ही तिथेच अडतात आणि चोक आवळ दिसतो. नखाने कडेवर फिरवून बघा, लगेच कळतं.

माप दर वेळी फिरतंय

आता दुसरी तक्रार. इथे पहिला संशयित मळ. प्लास्टिकच्या वॉडचा (काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये असतो तो भाग) पातळ थर चोकमध्ये साचतो, त्यावर शिसं आणि काजळी. एका बाजूला २ थाऊचा थर म्हणजे व्यासात ४ थाऊ, आणि पाव ते हाफ चोकमधला फरकच १० थाऊचा. सॉल्व्हंट लावून थांबा, कांस्याचा ब्रश फिरवा, कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसा, शेवटी तेलही पुसून टाका. सकाळचं माप घाणीवर आणि दुपारचं साफ नळीवर घेतलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरा संशयित गेजचा तिरकेपणा. दोन टोकांचं बोअर गेज नळीच्या अक्षाशी काटकोनात नसेल तर ते तिरका, म्हणजे मोठा व्यास मोजतं. ५ अंश कललं तर बारा बोअरमध्ये जवळपास ३ थाऊ जास्त येतात; २ अंशांत अर्धा थाऊसुद्धा नाही. म्हणून गेज आत गेल्यावर मूठ हलकेच पुढेमागे झुलवायची आणि काटा जिथून परत फिरतो तो सर्वांत लहान आकडा वाचायचा. टूलरूममध्ये नव्या पोरांना आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो, आणि तरी घाईत सगळे विसरतात, मीही. तीन टोकांचं आपोआप मध्यावर बसणारं गेज इथे बरंच माफ करतं. पण तीन टोकांना अंडाकृती नळी नीट कळत नाही. दुनळीत दोन नळ्या जोडलेल्या असतात, पोचा आलेला असू शकतो, तिथे दोन टोकांचं गेज नव्वद अंशात फिरवून दुसरं माप घ्यावंच लागतं. दोन मापांत फरक आला तर तो नळीचा दोष आहे, गेजचा नाही.

तिसरा संशयित तापमान, तो मला स्वतःला पटायला वेळ लागला. लोक म्हणतात, नेमबाजीनंतर नळी तापलेली होती म्हणून माप बदललं. हिशेब करून बघा. पोलाद १ अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. १८.५ मिमी व्यासाची नळी ४० अंशांनी तापली तरी व्यास वाढतो साडेआठ मायक्रॉन, म्हणजे थाऊचा एक तृतीयांश. एवढ्याने कुणाचा चोक बदलत नाही. पण गेजची दांडी बघा. लांब बोअर गेजमध्ये बाहेर पितळी नळी आणि आत पोलादी काडी असेल, तर पितळ त्याच तापमानाला मीटरमागे १९ मायक्रॉन वाढतं. ४०० मिमी लांबीत, १० अंशांच्या फरकाने, दोघांत ३० मायक्रॉनचं अंतर पडतं, थाऊहून जास्त. आणि दांडी आपण मुठीत धरून बसतो. एका संध्याकाळी मी हेच केलं: रिंगमध्ये (माहीत व्यासाचं पोलादी कडं) शून्य लावलं, गप्पा मारत गेज हातात धरून ठेवलं, परत रिंगमध्ये घातलं तर काटा सव्वा थाऊ सरकलेला. गेज टेबलावर ठेवून चहा पिऊन आलो, काटा परत शून्यावर. तेव्हापासून दांडीवर जाड कापड गुंडाळतो.

म्हणजे गोष्ट शून्यावर येते. डायल बोअर गेज स्वतःहून काहीच जाणत नाही, ते फक्त रिंगपेक्षा किती जास्त किंवा कमी एवढं सांगतं. मोजायच्या आधी रिंगमध्ये शून्य लावायचं हे सगळ्यांना माहीत असतं. मोजून झाल्यावर परत रिंगमध्ये घालून बघणारे कमी. काटा शून्यावर आला नाही तर मधली सगळी मापं रद्द समजा. रिंगवर ०.७२९ असं नाव असलं तरी तिचा खरा व्यास ०.७२८७ असू शकतो. चांगल्या रिंगवर तो कोरलेला असतो आणि मापात तोच धरायचा. अर्थात चोक ही वजाबाकी असल्यामुळे रिंगची चूक दोन्ही मापांत सारखीच येते आणि वजा होऊन जाते. ती नडते ती बोअरचा आकडा शिक्क्याशी ताडून बघताना.

उरलेले किरकोळ. डायलचा काटा एक पूर्ण फेरी जास्त फिरलेला असतो आणि छोट्या काट्याकडे लक्ष नसतं. बेझलचा (डायलभोवतीच्या फिरत्या कड्याचा) स्क्रू ढिला असतो, त्यामुळे शून्यच हळूहळू सरकतं. डिजिटल डायल आपोआप बंद होऊन चालू झाल्यावर काही मॉडेलांत शून्य विसरतं. आणि व्हर्नियर कॅलिपर: तोंडाच्या पुढे ते पोचत नाही, शिवाय त्याच्या आतल्या जबड्यांची कड सपाट असते. कड १ मिमी रुंद असेल तर बारा बोअरच्या गोलाईत १ थाऊ कमी वाचतं. अंदाजाला ठीक, निर्णयाला नाही.

मग गेज कसं निवडायचं

रोज वापरणारा, नळ्या विकत घेताना तपासणारा किंवा दुरुस्ती करणारा असाल तर डायल बोअर गेज आणि त्याची रिंग एकत्र घ्या. रिंगशिवाय मिळणारं गेज कितीही चकचकीत असलं तरी अर्धंच आहे. फक्त स्वतःच्या ट्यूब एकमेकींपासून ओळखायच्या असतील तर पितळी पट्टी पुरते, नावांऐवजी आकडे छापलेली मिळाली तर उत्तम.

लीस्ट काउंट, म्हणजे गेज वाचू शकतं ते सर्वांत लहान माप, अर्धा थाऊ किंवा ०.०१ मिमी भरपूर झाला. ०.००१ मिमी दाखवणाऱ्या डिजिटल डायलवर मी जास्तीचा पैसा घालणार नाही. शेवटचा आकडा नाचत राहतो आणि माणूस उगाच घाबरतो. त्यापेक्षा घेतानाच रिंगमध्ये घालून काढून दहा वेळा वाचा. दहाही वाचनं अर्ध्या थाऊच्या आत असतील तर गेज घ्या. एखादंच ३ थाऊ लांब पडलं तर आतली काडी अडकतेय किंवा स्प्रिंग थकलीय, दुकानदार काहीही सांगो.

टोकं बघा. ती कडक आणि गोलसर हवीत, आणि त्यांची गोलाई नळीच्या गोलाईपेक्षा लहान हवी, नाहीतर टोकाऐवजी टोकाची कड टेकते. डोक्याचं बाकी अंग पितळ किंवा प्लास्टिकचं असलं की नळीवर ओरखडे उठत नाहीत. दांडीची लांबी: ३० इंची नळी दोन्ही बाजूंनी मोजता येते, त्यामुळे १५ इंच पोच मिळाली की मधला टापू सुटत नाही. काट्याचा प्रवास किती आहे तेही विचारा. आवळ चोक ०.६८५ आणि रुंद नळी ०.७४५ एकाच शून्यावर मोजायची तर ६० थाऊ लागतात. चेंबरही मोजायचं असेल तर ते बारा बोअरमध्ये ०.८०० च्या आसपास असतं, म्हणजे आणखी. वीस, अठ्ठावीससाठी वेगळी डोकी येतात. प्रत्येकाची वेगळी रिंग येते का हे विचारल्याशिवाय 'सर्व बोअरसाठी' या शब्दांना भुलू नका.

नळीच्या भिंतीची जाडी मात्र या कुठल्याही गेजने कळत नाही, त्याला वेगळं वॉल गेज लागतं. जुनी नळी आतून घासून चकचकीत केलेली असेल आणि बोअर शिक्क्यापेक्षा मोठा भरत असेल, तर जाडी तपासून घेतल्याशिवाय त्यातून काडतूस उडवू नये.

मोजलेल्या चोकची खातरजमा कागदावर होते. ४० यार्डांवर मोठा कागद, दाट भागाभोवती ३० इंचांचं वर्तुळ, आत पडलेले छर्रे मोजून काडतुसातल्या एकूण छर्ऱ्यांशी टक्केवारी. जुना ठोकताळा असा: सिलिंडर ४०, पाव चोक ५५, हाफ ६०, फुल ७०. एकूण छर्रे वेष्टनावरून धरू नका, एक काडतूस उघडून मोजा. एकदाच उडवून निष्कर्ष काढू नका, किमान पाच कागद करा. स्टीलचे छर्रे त्याच चोकमधून शिशापेक्षा दाट पडतात, म्हणून हाफ मोजलेली नळी फुलसारखी वागली तर आधी काडतूस बघा. त्याच स्टीलमुळे चोकचा आकडा जपून काढावा लागतो: सी.आय.पी.च्या (बंदुका-काडतुसांच्या चाचणीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) नियमानुसार ४ मिमीहून मोठ्या स्टीलच्या छर्ऱ्यांसाठी चोक ०.५ मिमीपेक्षा आवळ नसावा. पट्टीने 'पाव' म्हटलेली रुंद नळी प्रत्यक्षात ०.६ मिमी निघू शकते.

स्क्रू ट्यूब वापरणाऱ्यांनी बोअर गेजचं एक काम कधीच चुकवू नये. ट्यूबच्या मागच्या टोकाचा आतला व्यास आणि तिथल्या नळीचा व्यास, दोन्ही मोजा. ट्यूबचा नळीपेक्षा किंचित मोठाच हवा. लहान निघाला तर ट्यूबची कड छर्ऱ्यांच्या वाटेत उभी आहे. दर वेळी बार उडाला की मार खाऊन ती वळते, फाटते, कधी नळीसकट. असं दिसलं की ट्यूब त्या बंदुकीत पुन्हा लावायची नाही, चोक कितीही योग्य भरत असला तरी.

सेकंडहँड गेज मिळालं आणि रिंग हरवलेली असेल तर टाकून देऊ नका. एखाद्या टूलरूमकडून कडक केलेल्या पोलादाची साधी रिंग ०.७२९ च्या आसपास ग्राइंड करून घ्या. नेमकी ०.७२९ च हवी म्हणून हट्ट धरलात तर खर्च वाढतो, ०.७२८ ते ०.७३० मध्ये काहीही चालेल, फक्त तपासून आलेला आकडा चार दशांश स्थळांपर्यंत कडेवर कोरून द्या म्हणावं.